बिनतारी वाटेवरील पाळीचा न्याय

१९१२ सालच्या एप्रिल महिन्याची १४ तारीख. रात्रीं अकराच्या सुमारास उत्तर अटलांटिक महासागरांत 'कॅलिफोर्नियन' नांवाची एक आगबोट बर्फाच्या वेढ्यांत थांबून राहिली होती. तिच्यावरील तरुण बिनतारी यंत्रचालक सिरिल इव्हान्स यानें आपलें यंत्र सुरू केलें आणि जवळूनच जाणाऱ्या 'टायटॅनिक'ला आपली बोट बर्फानें वेढली गेल्याचें कळविलें. 'टायटॅनिक'वरील यंत्रचालक जॅक फिलिप्स त्या वेळीं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील केप रेसच्या ठाण्याशीं बोलत होता. आदल्या दिवशीं त्याचें यंत्र बिघडलें होतें. उतारूंच्या खासगी तारांचा ढीग सांचला होता आणि तो ढीग फिलिप्स भराभर उपसत होता. केप रेसचा आवाज दूरचा, म्हणून क्षीण. इव्हान्सचें यंत्र जवळचें, म्हणून त्याचा आवाज कानठळ्या बसविणारा. फिलिप्सनें त्याला गप्प बसावयास सांगितलें. इव्हान्स गप्प बसला, थोडा वेळ ऐकत राहिला आणि साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपावयास गेला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली.

फिलिप्सला दोष देणें सोपें आहे. तथापि तोच फिलिप्स पुढें बोट बुडेपर्यंत यंत्रापाशीं बसून मदतीची हांक देत राहिला व त्याच रात्रीं मृत्यु पावला, हेंहि विसरतां येत नाहीं. त्याच्यापुढें जो प्रश्न एका क्षणांत उभा राहिला, तो हवेच्या स्वभावांतूनच निघालेला होता. वाट एकच, बोलणारे दोन. एकजण तुंबलेलें काम झपाट्यानें उरकीत आहे, दुसरा आपली पाळी मागत आहे. पाळी कोणाला द्यावी? पुढें जहाजांच्या ५०० किलोहर्ट्झच्या सामाईक लहरीवर दर तासाच्या १५ व्या आणि ४५ व्या मिनिटापासून तीन तीन मिनिटें सर्वांनीं मौन पाळावें, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. बिनतारी खोलींतील घड्याळांच्या तबकडीवर हीं मिनिटें तांबड्या रंगानें रंगविलेलीं असत. धंद्याचा वेग तासांतून सहा मिनिटें रोखून क्षीण आवाजाला राखून दिलेली ती पाळी होती.

त्या रात्रीं त्या लहरीवर जहाजें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. आज पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीचा एकच जिना घेतला, तरी त्यावर त्याहून अधिक बिनतारी यंत्रें एकाच वेळीं बोलत असतात. घरोघरीं वायफायची पेटी आहे. तिच्याभोंवतीं दूरध्वनि, संगणक, दूरचित्रवाणीचे संच आणि मुलांचीं खेळणीं जमलेलीं आहेत. या सर्वांना जी वाट मोकळी करून दिलेली आहे, ती २.४ गिगाहर्ट्झपासून २.४८३५ गिगाहर्ट्झपर्यंतची एक अरुंद पट्टी. अमेरिकेनें १९८५ सालीं अशा पट्ट्या परवान्यावांचून वापरण्यास खुल्या केल्या. भारतांत २००५ सालीं अल्प शक्तीच्या यंत्रांना या पट्टीपुरती परवान्याची अट उठली. एकमेकांच्या अंगावर न जाणारे असे जेमतेम तीन मार्ग तींत बसतात. अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीहि नेमक्या याच पट्टींत पडतात, ही त्यावर आणखी एक मौज. पुढें ५ गिगाहर्ट्झच्या आसपास अधिक रुंद पट्ट्या मिळाल्या, परंतु त्या लहरी भिंतींतून कमी जातात आणि गर्दी जेथें वाट असेल तेथें पोंचतेच.

परक्या तारेला कुंपण घालतां येतें. हवेला घालतां येत नाहीं. एकाच परिसरांत, एकाच कंपनसंख्येवर, एकाच क्षणीं दोघे बोलले, तर ऐकणाराला बहुधा दोघांचेंहि बोलणें कळत नाहीं. संगणकांच्या जगांत हा प्रश्न ठळकपणें पुढें आला तो हवाई बेटांवर. १९७१ सालच्या जून महिन्यांत हवाई विद्यापीठाचें 'अलोहा' नांवाचें बिनतारी जाळें चालूं झालें. त्याचे प्रवर्तक नॉर्मन अब्रॅमसन हे समुद्राच्या लाटांवर फळीनें स्वार होण्याचे मोठे शौकीन होते, आणि त्यांनीं हवेच्या लाटांवरहि तशीच मोकळीक ठेविली. ज्याला बोलावयाचें असेल त्यानें खुशाल बोलावें. पोंच आली नाहीं, तर टक्कर झाली असें समजावें. मग मनास येईल तितका वेळ थांबून तेंच पुन्हां सांगावें. नियम सर्वांना सारखा होता, मक्तेदारी कोणाचीच नव्हती. परंतु गणितानें असें दाखविलें कीं, या रीतीनें वाटेच्या शंभर भागांपैकीं जास्तींत जास्त अठरा भागच कामीं लागतात. उरलेले टकरींत आणि रिकामेपणांत जातात. १९७२ सालीं लॉरेन्स रॉबर्ट्स यांनीं काळाचे ठराविक तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभींच बोलण्याचें बंधन सुचविलें, तेव्हां हा आंकडा सदतिसाच्या जवळ गेला. थोडी शिस्त आली आणि काम दुप्पट झालें. समानता निर्दोष असूनहि सर्वांचेंच नुकसान होऊं शकतें, हा धडा येथें प्रथम मिळाला. तो पुढें आणखी एका विचित्र रूपानें मिळावयाचा होता.

वायफायचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें आणि १९९९ सालीं त्याची अधिक वेगवान आवृत्ति निघाली. तिचे शिष्टाचार पाहण्यासारखे आहेत. बोलण्यापूर्वीं ऐकावें. वाट ५० मायक्रोसेकंद निवांत आढळली, तर शून्यापासून एकतीसपर्यंत कोणतीहि एक संख्या सोडतीनें काढावी आणि वीस वीस मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनीं ती उलट मोजावी. मध्येंच दुसरा बोलूं लागला, तर मोजणी तेथेंच थांबवावी. तो संपला कीं पुढें चालूं करावी. शून्य आलें कीं बोलावें. टक्कर झाली, तर सोडतीचा पल्ला दुप्पट करावा, पुन्हां झाली तर आणखी दुप्पट, असें १०२३ पर्यंत. सभापति नसलेली ही सभा आहे. तरी तींत सहसा गोंधळ होत नाहीं. (एखाद्या यंत्रानें लबाडीनें नेहमींच लहान संख्या काढावयाची असें ठरविलें, तर तें पुढें घुसतें. हवेंतील शिष्टाचार हाहि शेवटीं पाळणाराच्या सचोटीवरच चालतो.) या नियमाचें फळ असें कीं, दीर्घ काळाचा हिशेब घेतला तर बोलण्याची संधि प्रत्येक यंत्राला सारखीच मिळते. याहून निष्पक्षपाती व्यवस्था कोणती असणार, असें प्रथमदर्शनीं कोणालाहि वाटेल.

परंतु प्रत्येकाच्या बोलण्याचा वेग सारखा नसतो. पेटीजवळ बसलेला संगणक स्पष्ट ऐकूं येतो, म्हणून तो भरभर बोलूं शकतो. दोन भिंतींपलीकडचा, जिन्याखालचा किंवा परसांतला संगणक भरभर बोलला, तर त्याचें कांहींच समजत नाहीं. त्याला सावकाश, एकेक अक्षर तोडून बोलावें लागतें. नभोवाणीवरून एके काळीं धीम्या गतीच्या बातम्या देत असत, त्या ज्यांनीं ऐकल्या असतील त्यांना याची कल्पना येईल. लहानसहान वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बसून कोणीतरी तो मजकूर लिहून घेई. नेहमींच्या बातमीपत्रांत जें दोन मिनिटांत सांगून होतें, त्याला त्या गतीनें कितीतरी अधिक वेळ लागे. १९९९ च्या प्रमाणांत असे चार वेग होते: सेकंदाला ११, ५.५, २ आणि १ मेगाबिट. मेगाबिट म्हणजे शून्य किंवा एक अशीं दहा लक्ष चिन्हें.

आतां दोनच यंत्रांची कल्पना करावी. एक जवळचें, अकरा मेगाबिटांचें; दुसरें दूरचें, एका मेगाबिटाचें. दोघांनाहि बारा हजार चिन्हांचें एकेक पाकीट पाठवावयाचें आहे. जवळच्याला त्यासाठीं सुमारें १.१ मिलिसेकंद लागतो, दूरच्याला १२ मिलिसेकंद. मधलें मौन, पोंचपावत्या वगैरे खर्च बाजूस ठेवले आणि पाळी आळीपाळीनें आली असें धरलें, तर एक फेरी सुमारें १३.१ मिलिसेकंदांत पुरी होते व तींत प्रत्येकाचें एकेक पाकीट जातें. म्हणजे दोघांनाहि सेकंदाला ०.९२ मेगाबिटच मिळतात. अकरा मेगाबिटांचा धनी एका मेगाबिटाच्याहि खालीं उतरला! घरांत नवा, महागाचा संगणक आणून पेटीशेजारीं ठेवावा आणि अडगळीच्या खोलींत कोणीतरी जुनें यंत्र लावतांच त्याचा वेग एकाएकीं खचावा, हें ज्यांच्या अनुभवास आलें असेल त्यांनीं यंत्राला किंवा दुकानदाराला बोल लावला असेल. दोष दोघांचाहि नव्हता. दोष समान पाळीचा होता. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील चार संशोधकांनीं २००३ सालीं हें वर्तन गणितानें आणि प्रयोगानें सिद्ध केलें आणि त्याला 'विसंगति' असें नांव दिलें. तें नांव सौम्य आहे. एका हळू बोलणाऱ्यामुळें सर्व सभा त्याच्याच चालीनें चालूं लागते, आणि हें नियम मोडल्यामुळें नव्हे, तर तो काटेकोर पाळल्यामुळें घडतें.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाराला हें कोडें फार वेळ समजावून सांगावें लागणार नाहीं. चारीच्या मुखाशीं असलेल्या शेताला पाणी चटकन मिळतें. शेपटाकडच्या शेतापर्यंत येतां येतां तें वाटेंत जिरतें. प्रत्येकानें आपलें वाफे सारखें भरेपर्यंत पाणी घ्यावें असा नियम केला, तर शेपटाच्या शेतासाठीं पाट दिवसचे दिवस वाहत राहील आणि वरचीं पिकें वाळतील. म्हणून जेथें पाळी तासांवर मोजतात, तेथें वांटणी पाण्याची नसून पाट हातीं असण्याच्या काळाची असते. हवेच्या बाबतींतहि वांटावयाची खरी वस्तु काळ हीच आहे. पाकिटें मोजणें म्हणजे भरलेले वाफे मोजणें होय.

ही गोष्ट अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंतील गॉडफ्रे टॅन व जॉन गटॅग यांनीं २००४ सालीं नेमकेपणानें मांडली. प्रत्येकाला सारखा काळ द्यावा, त्या काळांत ज्याला जितकें बोलतां येईल तितकें त्यानें बोलावें. वरच्या उदाहरणांत अर्धा काळ जवळच्याला आणि अर्धा दूरच्याला दिला, तर जवळच्याला ५.५ मेगाबिट मिळतात आणि दूरच्याला ०.५. एकूण काम १.८३ वरून ६ वर जातें. या वांटणीचा एक गुण फार मोलाचा आहे. दूरच्या यंत्राचा शेजारी जर त्याच्यासारखाच दूरचा असता, तर त्याला अर्धाच मेगाबिट मिळाला असता. जवळच्या यंत्राचा शेजारी त्याच्यासारखाच जवळचा असता, तर त्याला साडेपांच मिळाले असते. म्हणजे शेजारी कोण आहे यावर कोणाचेंहि नशीब अवलंबून राहत नाहीं. चांगल्या शेजाऱ्याचा फायदा फुकट लाटतां येत नाहीं, आणि वाइटाचा भुर्दंडहि बसत नाहीं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. दूरच्याला पूर्वीं ०.९२ मिळत होते, आतां ०.५ मिळतात. दुबळ्याच्या ताटांतलें काढून सबळाच्या ताटांत घातलें, हाच का न्याय? येथें एक हिशेब पाहिला पाहिजे. समान पाळीच्या व्यवस्थेंत तें दूरचें यंत्र १३.१ मिलिसेकंदांच्या फेरींतील १२ मिलिसेकंद स्वतः व्यापीत होतें. म्हणजे ज्याची कींव करावयाची, तें हवेचे शंभरांतले ब्याण्णव भाग वापरीत होतें. हें कळल्यावर आक्षेपाची धार पुष्कळ कमी होते. परंतु ती अगदींच नाहींशी होत नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. दूरच्या खोलींत बसणें हा कांहीं अपराध नव्हे.

न्याय मोजण्याची पट्टीहि शास्त्रज्ञांनीं केलेली आहे. राज जैन, डाह-मिंग चिऊ आणि विल्यम हॉ यांनीं १९८४ सालीं एक निर्देशांक सुचविला. सर्वांना सारखें मिळत असेल, तर तो एक येतो. विषमता वाढेल तसतसा खालीं जातो. वरील उदाहरणास तो लावून पाहिल्यास चमत्कार दिसतो. दोघेहि ०.९२ वर रखडत असतांना निर्देशांक पुरा एक, ५.५ आणि ०.५ मिळूं लागतांच तो ०.५९ वर घसरतो. मग समान दारिद्र्य हीच न्यायाची परमावधि मानावयाची काय? पण तोच निर्देशांक मिळालेल्या काळाला लावला, तर उत्तरें उलट येतात: समान काळाला एक, समान पाळीला त्याहून पुष्कळ कमी. पट्टी खोटें बोलत नाहीं. ती कशाला लावावी हें मात्र ती सांगत नाहीं, आणि सारा वाद तेथेंच आहे.

मग मधला मार्ग कोणता? नुसत्या वेगाचा विचार केला, तर सगळा काळ जवळच्याला द्यावा. एकूण अकरा मेगाबिटांचें काम होईल आणि दूरचा कायमचा मुका होईल. नुसत्या समानतेचा विचार केला, तर दोघेहि रखडतील. या दोन टोकांमधील जागा शोधण्याचें एक सूत्र केंब्रिज विद्यापीठांतील गणिती फ्रँक केली यांनीं १९९७ सालीं दिलें. त्याला प्रमाणबद्ध न्याय म्हणतां येईल. एका वांटणीकडून दुसरीकडे जातांना कोणाचें शेंकडा किती वाढलें आणि कोणाचें शेंकडा किती घटलें याची बेरीज करावी. जिच्यापासून दुसरीकडे कोठेंहि गेलें तरी ही बेरीज शून्याच्या वर जात नाहीं, ती वांटणी प्रमाणबद्ध. समान काळाच्या वांटणीपासून समान पाळीकडे गेल्यास दूरच्याचें शेंकडा ८३ वाढतें आणि जवळच्याचें शेंकडा ८३ घटतें. नफा मुळींच उरत नाहीं. हेंच दुसऱ्या रीतीनें सांगावयाचें तर दोघांच्या वांट्यांचा गुणाकार करावा आणि तो सर्वांत मोठा होईल तेथें थांबावें. समान पाळींत गुणाकार ०.८४ येतो, समान काळांत २.७५. आणि सगळें एकाला दिलें तर? अकरा गुणिलें शून्य, म्हणजे शून्य. बेरजेला एखाद्याचा उपवास दिसत नाहीं. गुणाकाराला तो तत्काळ दिसतो. दोन पक्षांच्या सौद्यांत न्याय्य तडजोड कोणती, याचें उत्तर जॉन नॅश या अमेरिकन गणितीनें १९५० सालीं याच गुणाकारानें दिलें होतें. त्याच्या डोळ्यांपुढें बिनतारी यंत्रें नव्हतीं. पण सौदा काळाचा असो वा मालाचा, गणित तेंच.

हें सूत्र कागदावर राहिलें नाहीं. शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील क्वालकॉम कंपनीच्या अभियंत्यांनीं मोबाईल दूरध्वनींसाठीं एक नवी पद्धति रचली. २००२ सालीं दक्षिण कोरियांत ती लोकांच्या हातीं आली. तींत मनोरा सेकंदाचे सहाशें तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा एकाच दूरध्वनीला देतो. कोणाला द्यावयाचा हें ठरविण्यापूर्वीं प्रत्येक दूरध्वनि मनोऱ्याला कळवितो कीं, या क्षणीं आपल्याला किती वेगानें ऐकूं येईल. हा वेग क्षणोक्षणीं बदलतो. माणूस चार पावलें चालला, मधून एखादी मोटार गेली, तरी लहर चढते किंवा ओसरते. सर्वांत वेगवान असेल त्यालाच तुकडा द्यावा, असें म्हटलें तर मनोऱ्याच्या पायथ्याशीं उभा असलेलाच नेहमीं जिंकेल. म्हणून मनोरा प्रत्येकाचा आजचा वेग त्याच्याच अलीकडच्या सरासरीनें भागतो, आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला पाळी देतो. येथें दुबळ्याची तुलना सबळाशीं होत नाहीं. ज्याची त्याची तुलना स्वतःशींच होते. दूरच्या माणसाची लहर त्याच्या नेहमींच्या मानानें वर चढली कीं, पायथ्याच्या माणसाला बाजूला सारून त्याला बोलावण्यांत येतें. ज्याला बरेच दिवस मिळालें नाहीं त्याची सरासरी आपोआप खालीं जाते, आणि त्याचा हक्क वाढत जातो. प्रत्येकाला त्याच्या भरतीच्या क्षणींच गांठल्यामुळें एकूण कामहि वाढतें. न्याय आणि वेग एकमेकांचे हाडवैरी आहेत ही समजूत येथें बरीच खोटी ठरते. पुढील पिढ्यांच्या मोबाईल जाळ्यांतहि ही युक्ति निरनिराळ्या रूपांनीं टिकून राहिली.

घरांतल्या पेट्या मात्र पुष्कळ वर्षें जुन्याच चालीवर राहिल्या. सभापतीवांचून चालणाऱ्या सभेंत काळाची समान वांटणी कोणी करावयाची, ही अडचण होती. शिवाय 'वेग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत नेहमीं होते: सेकंदांत किती माल गेला हा एक, आणि पाठविलेला शब्द किती लवकर पोंचला हा दुसरा. पेट्यांच्या पोटांत पाकिटांची मोठी रांग सांठूं लागली. माल भरपूर जाई, पण संभाषण करणाराचा शब्द त्या रांगेच्या शेवटीं उभा राही. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठांतील टोके हॉयलंड-यॉर्गेनसन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दोन्ही दुखण्यांवर एकदमच उपाय केला. पेटीकडून यंत्रांकडे जाणाऱ्या वाहतुकींत तरी पेटी हीच सभापति असते. म्हणून तिनें प्रत्येक यंत्रासाठीं निराळी, आंखूड रांग ठेवावी, प्रत्येकानें किती काळ हवा व्यापली याचा जमाखर्च लिहावा आणि ज्याची जमा शिल्लक असेल त्याला पुढें घ्यावें. गर्दींतील प्रतीक्षा यानें सुमारें दहापटीनें घटली. त्यांची रचना लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालींत समाविष्ट झाली. पुढें 'वायफाय ६' या पिढींत पेटीला सभापतीचे अधिकारच देण्यांत आले; ती एकाच क्षणीं वाटेचे उभे पट्टे पाडून ते निरनिराळ्या यंत्रांना नेमून देऊं शकते.

तरीहि मघाचा आक्षेप मागें उरतोच. समान काळ दिला तरी दूरच्याच्या पदरीं अर्धाच मेगाबिट पडतो. जोनहून मो आणि झां वालरां यांनीं २००० सालीं एका सूत्रांत हीं सगळीं मतें गुंफलीं. त्यांत एकच कळ फिरविली कीं, एका टोकाला नुसता एकूण वेग, मध्यें प्रमाणबद्ध न्याय आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत मागे असलेल्याचा प्रथम विचार. शेवटच्या टोकाला महाराष्ट्रांत 'अंत्योदय' या शब्दानें चटकन ओळखलें जाईल, आणि त्या शब्दाबद्दल आदर नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु एकाच हवेवर तें तत्त्व अक्षरशः चालविलें, तर ग्रेनोबलचीच विसंगति पदरीं येते. शेवटचा फारसा वर येत नाहीं आणि बाकीचे त्याच्या पातळीला खालीं येतात. जमिनीची, धान्याची वांटणी आणि हवेंतील काळाची वांटणी यांत हा फरक आहे. दिलेलें धान्य तितकेंच राहतें. दिलेला काळ घेणाराच्या जागेप्रमाणें कमीजास्त फळ देतो.

ही कळ कोठें ठेवावी, हें कोण ठरवितें? मोबाईल जाळ्यांचीं आंतरराष्ट्रीय प्रमाणें हजारों पृष्ठांचीं आहेत. दूरध्वनीनें मनोऱ्याला काय कळवावें, मनोऱ्यानें कोणत्या चिन्हांत उत्तर द्यावें, हें सर्व त्यांत बारकाईनें लिहिलेलें असतें. परंतु पाळी कोणाला द्यावी हा नियम त्यांत नाहीं. तो यंत्रें बनविणाऱ्यांच्या आणि तीं चालविणाऱ्या कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेला आहे. सार्वजनिक पाटाच्या पाळीचा कागद गांवांत कोणालाहि मागतां येतो; हवेच्या पाळीचा कागद मागावयाचा तर कोठें मागावा, हेंहि सामान्य माणसाला ठाऊक नसतें. विषमतेपेक्षां ही गुप्तता अधिक सलणारी आहे. आणि कळ कोठेंहि फिरविली, तरी तिनें अर्ध्या मेगाबिटाचे पांच होत नाहींत. ते होतात दूरच्याला जवळ आणल्यानें: घरांत दुसरी पेटी मधल्या दालनांत ठेविल्यानें, आणि खेड्यांत दुसरा मनोरा उभारल्यानें. वांटणीच्या सूत्रावर जितका खल होतो, तितका मनोऱ्याच्या जागेवर होत नाहीं. सूत्र फुकट बदलतां येतें, मनोऱ्याला पैसे पडतात.

२०२० सालीं महामारीमुळें शाळा-महाविद्यालयें बंद झालीं आणि वर्ग मोबाईलवर भरूं लागले. त्या पावसाळ्यांत कोंकणांतील कांहीं गांवांचे विद्यार्थी, घरीं लहर पोंचत नाहीं म्हणून, वह्या-पुस्तकें घेऊन टेकडीवर जाऊन बसूं लागले. पावसापासून बचाव व्हावा म्हणून तेथें झोपडीहि उभारावी लागली. खालीं घरांत बसून जें पाकीट मनोऱ्याचा पुष्कळ काळ खाई, तेंच वरून पाठवितांना थोड्या काळांत जाई. हा वांचलेला काळ मनोरा आपल्या नेहमींच्या हिशेबाप्रमाणें इतरांना वांटून देत असे: बाजारपेठेंत उभे राहून चित्रपट पाहणारालाहि, आणि रस्त्यानें जाणाऱ्या एस.टी.तल्या उतारूलाहि. टेकडी चढून गेलेल्या मुलांच्या पायांचे हे श्रम मनोऱ्याच्या हिशेबांत कोठेंच दिसत नव्हते.